उलट्या नदीचा दिगंबर

गेल्या महिन्यात एक मुलगी माझ्या दारात येऊन उभी राहिली. पाठीला पिशवी, हातात जाडजूड पुस्तक. म्हणाली, "ते इथेच लिहायचे ना?"

मी म्हटलं, "लिहायचा गच्चीवर, राहायचा समोरच्या खोलीत. इथे येऊन फक्त माझं डोकं खायचा."

ती हसली. तिला वाटलं मी गंमत करते आहे. मग तिनं जिन्याचे फोटो काढले, समोरच्या बंद दाराचे काढले, आणि जाताना म्हणाली, "आजी, त्यांच्याबद्दल लिहून द्या ना. ते लिहायचे कसे, राहायचे कसे. आम्ही वाचक मिळून अंक काढतोय."

मी चौथी शिकले आहे. पण अक्षर बरं आहे आणि खोटं लिहायची सवय नाही. म्हणून लिहिते. मात्र त्या मुलीला हवा असलेला ऋषीमुनी यात सापडणार नाही. माणूस वाईट नव्हता. पण त्याच्यासमोर अकरा वर्षं राहून दाखवा, मग बोलू.

बदलापूरला मांजर्लीत आमच्या दोन खोल्या तळमजल्यावर आहेत. माझे मालक अंबरनाथच्या कारखान्यातून रिटायर झाले तेव्हा घेतल्या. ते गेले, मुलगी पनवेलला दिली, मी उरले. समोरच्या खोलीत दिगंबर भाड्यानं आला तेव्हा चाळिशीचा होता. अंबरनाथला एका कंपनीत ड्राफ्ट्समन होता. म्हणजे मशीनची चित्रं काढायचा. कंपनी बंद पडली. मी विचारलं, "आता काय करणार?" म्हणाला, "लिहिणार, मावशी." मला वाटलं अर्ज लिहिणार. तर हा राज्य लिहायला बसला.

राज्य म्हणजे पृथ्वीवर नसलेलं. तिथली नदी समुद्रातून निघते आणि डोंगराकडे चढत जाते. तिथे राक्षस आहेत, तीन राण्या आहेत, बोलणारे दगड आहेत. सहाशे सहाशे पानांची पुस्तकं. प्रकाशक म्हणाले, लहान मुलांसाठी चाळीस पानांचं करून आणा. हा म्हणाला, माझे राक्षस मोठ्या माणसांसाठी आहेत. झालं. तेव्हापासून लिहिणं, चित्रं काढणं, चुका तपासणं, छापून आणणं, विकणं, सगळं स्वतः. आणि ते सगळं माझ्या दारावरून.

लिहायला रोज सकाळी नऊला गच्चीवर जायचा. पाण्याच्या टाकीच्या सावलीत मांडीवर ड्रॉइंग बोर्ड घेऊन बाराला टाकी तापेपर्यंत बसायचा. एक पेन्सिल खिशात, एक कानावर, आणि शोधायचा तिसरीच. कपडे वाळत घालायला गेलं तर त्याला माणूस दिसत नसे. एकदा माझी ओली चादर वाऱ्यानं उडून त्याच्या डोक्यावर पडली. मी पिना घेऊन येते तोवर हा चादरीखालीच लिहितोय. ओढून काढली तर म्हणाला, "राहू द्या ना, उजेड छान येत होता."

नावं कुठून आणायचा ते त्या मुलीला माहीत नसेल. माझ्या गोळ्यांच्या पाकिटांवरून. पाकीट घ्यायचं, नाव उलटं वाचायचं, एखादा काना इकडेतिकडे करायचा. थोरली राणी म्हणजे माझी रक्तदाबाची गोळी. सेनापती म्हणजे ॲसिडिटी. लोक म्हणे त्या नावांचे अर्थ लावतात.

त्याचं एक वाक्य ठरलेलं होतं, "राज्य खोटं असलं तर अंतर खरं पाहिजे." आधी नकाशा काढायचा, मग त्यावर पट्टी ठेवायची, मग गोष्ट. एकदा मी त्याला म्हटलं, येताना कोपऱ्यावरच्या दुकानातून दहा किलो तांदूळ आण. सकाळी दहाला गेलेला माणूस दुपारी तीनला आला. घामानं निथळतोय, पाठीला तांदूळ बांधलेले. मी म्हटलं, "दुकान बंद होतं का?"

"नाही. तांदूळ घेतले आणि पुलावरून पार शिरगावपर्यंत जाऊन आलो. ओझं घेतलेला सैनिक कितव्या मैलाला शिव्या द्यायला लागतो ते बघायचं होतं."

"कितव्या?"

"पुलाच्या अलीकडेच."

मी त्याला तिथल्या तिथे चार शिव्या दिल्या. त्यानं त्या उतरवून घेतल्या. तिसऱ्या पुस्तकात सैनिकांच्या तोंडी आहेत.

ज्या वर्षी पाणी घरात आलं त्या वर्षीची गोष्ट तर मी विसरणार नाही. नदी चढली. सकाळी रस्त्यात होती, दुपारी व्हरांड्यात. तळमजल्यावर मी एकटी बाई, धान्याचे डबे वर न्यायचे. मी ओरडतेय, "दिगंबर, अरे दिगंबर!" हा जिन्यात उभा, भिंतीवर पेन्सिलीनं रेघा ओढतोय. पायरीला पाणी लागलं की रेघ, बाजूला वेळ. माझ्याकडे वळून म्हणतो, "मावशी, एका पायरीला अठरा मिनिटं लागतायत."

मी पोळपाट फेकला. लागला नाही. मग आला आणि डबे उचलले. त्याच घाईत मी पाय घसरून पडले. त्यानं विचारलं, फार लागलं का? मी म्हटलं, "आमच्या गावच्या घाटाची चौथी पायरी तुटकी आहे. त्या पायरीवरून सात वर्षांची असताना पडले होते, तेव्हा नाही रडले, आता काय रडते. तू डबा उचल." माझं माहेर नेरळच्या वरच्या अंगाला, याच नदीच्या काठी. आईबाप गेल्यावर भाऊ विचारीनासा झाला. चाळीस वर्षं मी तिकडे गेलेली नाही. पाणी तिकडून येतं, ते बघते.

पुढच्या पुस्तकात पूर आला. पायरीला अठरा मिनिटं लागली, आणि एका शहाण्यासुरत्या पंडिताच्या अंगावर एका म्हातारीनं पोळपाट फेकला. मी म्हटलं, "हे मी आहे." म्हणाला, "छे, ती येसू नावाडीण आहे."

येसू मात्र मला आवडायची, हे कबूल करते. साऱ्या राज्यात माणसाचं नाव तेवढं एकच. म्हातारी, तोंडाची फटकळ, या काठावरून त्या काठावर नाव नेते आणि राजा असो की राक्षस, त्याच्याकडून आधी पाय धुऊन घेते. बाकी कोण कुणाशी का लढतंय ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

छापायला उल्हासनगरला जायचा. तिथे लछूशेठ म्हणून एक सिंधी. त्याचा छापखाना लग्नपत्रिकांचा. पत्रिका, बिलबुकं, कॅलेंडरं, आणि दोन-तीन वर्षांतून एकदा दिगंबरचे राक्षस. दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी मीही बरोबर होते, मला गाद्यांच्या खोळींचं कापड घ्यायचं होतं. लछूशेठनं मला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि ताजं पुस्तक दिगंबरच्या हातात ठेवलं. "देखो साईं, क्या मस्त निकला है."

दिगंबरनं पहिलं पान उघडलं. वर छापलेलं, श्री गणेशाय नमः. खाली राक्षसाचा जन्म.

"हे कुणी टाकलं?"

"दादा, उसके बिना मशीन चालू नहीं करते. तेरे राक्षस को भी आशीर्वाद लगेगा ना?"

दिगंबरनं पानं उलटली. शेवटचं पान उघडलं. त्या पानावर धाकटी राणी मरते, तिची चिता पेटते, अर्धं पान कोरं सुटतं. ती कोरी जागा त्यानं मुद्दाम ठेवलेली. त्या जागेत, नक्षीच्या चौकटीत, छापलं होतं, 'आमच्या काकाच्या लग्नाला नक्की यायचं हं!'

"लछूशेठ!"

"अरे, जगह खाली दिखती थी, दादा. ऑपरेटर को अच्छा नहीं लगा, तो डाल दिया."

मी इतकी हसले की चहा साडीवर सांडला. दिगंबर भिंतीला टेकून खाली बसला. परत छापायची ऐपत नव्हती, तसंच विकलं. आणि लोक एवढे वेडे की त्यांना ते आवडलं. एकानं चार पानी पत्र पाठवलं, की मरणाच्या शेजारी लग्नाचं आमंत्रण ठेवून लेखकानं जगण्याचं मर्म सांगितलं आहे. दिगंबरनं पत्र मला वाचून दाखवलं आणि म्हणाला, "आता हे काढताही येत नाही." अजून छापतो ते.

विकायची त्याची रीत तर त्याहून. अंबरनाथला महाशिवरात्रीच्या जत्रेत एक टेबल मांडायचा, एका बाजूला भेळ, दुसऱ्या बाजूला प्लॅस्टिकचे बॅट-बॉल. कुणी पुस्तक उचललं की हा विचारायचा, "राक्षस आवडतात का तुम्हाला?" गिऱ्हाईक म्हणे, "मुलासाठी घेतोय, मराठी सुधारेल." की हा पुस्तक काढून घ्यायचा. "मराठी सुधारायला शुद्धलेखनाची वही घ्या." एकदा मला टेबलावर बसवून पाणी प्यायला गेला. मी अर्ध्या तासात सात पुस्तकं विकली. म्हणत होते, "घ्या हो. वाचलं नाही तरी चालेल, याच्या घरातलं एक खोकं कमी होईल." तो आला, ऐकलं, आणि परतीच्या रिक्षात बदलापूरपर्यंत माझ्याशी बोलला नाही.

आता वाचनाचं सांगते, कारण खरी कटकट तीच.

दर मंगळवारी आणि शनिवारी दुपारी तीनला तो वही घेऊन माझ्याकडे यायचा. आठवड्यात जे लिहिलं ते मला वाचून दाखवायचा. पहिल्यांदा मी विचारलं, मलाच का? म्हणाला, "मावशी, तुम्ही उगाच छान म्हणत नाही." ते खरं होतं. आदल्या दिवशी आठवण करून द्यायचा, "वाल भिजत घातलेत ना?" कधी कधी स्वतःच पाव किलो आणून द्यायचा. मला वाटायचं याला बिरडं खायची हौस. मी मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकायची, ताट पुढ्यात घ्यायची, आणि एकेक दाणा चिमटीत धरून सोलत बसायची. तो वाचायचा. वाचता वाचता वहीच्या कडेला पेन्सिलीनं काहीतरी करायचा. संपलं की मत विचारायचा नाही. बिरडं मात्र वाटीभर न्यायचा.

अशी चार पुस्तकं झाली. पाचवं शेवटचं. ते संपेना.

सगळे राजे मेले, राण्या मेल्या, युद्ध आटोपलं. राहिली एकटी येसू, नदीच्या मधोमध नावेत. दोन्ही काठांवरून तिला हाका येतायत. तिचं काय करायचं ते याला सुचेना. एकदा बुडवली. एकदा तिचा हरवलेला मुलगा आणला. एकदा तर राज्याभिषेक केला. अकरा शेवट त्यानं माझ्यापुढे वाचले, प्रत्येक वेळी वही मिटली आणि दुसऱ्या दिवशी पानं फाडली. दोन वर्षं! लछूशेठ फोन करून विचारायचा, "साईं, वो बुढिया उतरी क्या नाव से?" वाचकांची पत्रं यायची. मी म्हटलं, "मी मरायच्या आधी संपव रे बाबा. की माझी वाट बघतोयस?"

"बरोबर येत नाहीये, मावशी."

"कोण सांगतं बरोबर नाही?"

तो माझ्या ताटाकडे बघत राहिला. वेडा आहे, मी मनात म्हटलं.

त्याच सुमाराला घरमालकानं खोली विकायला काढली. दिगंबरला महिन्याअखेर निघायचं. नाशिकला भाऊ होता, तिकडे जाणार. मी म्हटलं, "मग तिकडे जाऊन संपव." म्हणाला, "तिकडे नाही संपणार. इथे संपलं तर संपलं."

दोन दिवसांनी माझा सिलिंडर बदलायला आला आणि वही, बांधाबांधीतल्या जुन्या वह्यांसकट, ओट्यावर विसरून गेला. मी लोकांच्या वह्या वाचत नाही. पण तेलाचा हात लागू नये म्हणून उचलली, तर कडेला पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलेलं दिसलं. 'हात चालू.' खाली परत, 'हात चालू.' पुढच्या पानावर, 'हात चालू, दोनदा जांभई.' मी चष्मा लावून बसले आणि मागे मागे, जुन्या वह्यांपर्यंत गेले. पूर आला त्या पानावर, 'हात थांबले.' धाकटी राणी मरते तिथे, 'हात थांबले, दाणा ताटाबाहेर पडला.' आणि त्या अकराही शेवटांच्या फाडलेल्या पानांच्या मुळाशी, 'हात चालू. हात चालू. हात चालू.'

तेव्हा मला वाल कळले. याला बिरडं नको होतं. माझे हात गुंतलेले हवे होते, म्हणजे ते कधी थांबतात ते बघता येईल. अकरा वर्षं मी सोलत होते आणि हा मला तपासत होता.

संध्याकाळी त्याला दारातच धरला. "मी काय तुझं मशीन आहे? काटा बघतोस माझा?"

तो लाल झाला. "तोंडानं तुम्ही सगळ्यालाच 'बरंय' म्हणता, मावशी. हातांना खोटं बोलता येत नाही."

"मग आधी सांगायचंस!"

"सांगितलं असतं तर बघता आलं असतं का?"

ते बरोबर होतं, म्हणून मला जास्त राग आला. पण रात्री जेवताना मनात आलं, म्हणजे दोन वर्षं ते पुस्तक माझ्यापायी अडलं आहे. हा माणूस जाणार आणि ती बाई नदीतच राहणार. मी ठरवलं, शनिवारी काय वाटेल ते वाचू दे, आपण हात थांबवायचे. मोकळा करायचा.

शनिवारी तो बारावा शेवट घेऊन आला. येसू देवी होते, आभाळात जाते. मी चांगली शेवटच्या ओळीला थांबले. ताटावर हात ठेवून बसले.

त्यानं वही मिटली. "मावशी, सोललेला दाणा तुम्ही नीट वाटीत ठेवलात आणि मग थांबलात."

"मग?"

"मग काही नाही." उठला आणि निघाला.

मला असा संताप आला! मी मागून ओरडले, "अरे, तिला देवी कशाला करतोस? म्हातारी बाई ती. जन्मभर या काठावरून त्या काठावर. या माणसाची हाक आली की इकडे, त्याची आली की तिकडे. नदीतून आडवी गेली नुसती, नदीबरोबर कधी गेलीय का?"

तो दारात थांबला. वळला नाही. मग गच्चीचा जिना चढून गेला. दुपारचे चार वाजले होते, टाकी नुसती भाजत असेल. मी म्हटलं, मर जा.

मंगळवारी सकाळी टेम्पो आला. खोकी भरली, ड्रॉइंग बोर्ड बाहेर ठेवला. टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय. मी व्हरांड्यात वाल घेऊन बसले होते. त्याच्यासाठी नव्हे, भिजत घातलेलेच होते. हा आला आणि पायरीवर बसला. मी म्हटलं, "आता काय? टेम्पोवाला शिव्या घालतोय."

"दीड पान आहे."

त्यानं वाचलं. दोन्ही काठांवरून हाका येतायत. येसू ऐकते. मग ती वल्हं उचलून नावेत आडवं ठेवते. उलटी नदी नावेला घेते आणि डोंगराकडे नेते. येसूला काही करावं लागत नाही. हाका मागे पडतात. पाणी अरुंद होतं, गार होतं. बायकांच्या धुण्याचा आवाज येतो. तिला तो आवाज ओळखीचा वाटतो. मग नाव कशाला तरी लागते आणि थांबते. येसू वाकून हात लावून बघते. घाटाची चौथी पायरी असते, तुटकी.

तिथे संपलं.

मला वाटतं मी म्हटलं, "बरंय." त्यानं माझ्याकडे बघितलंच नाही. माझ्या मांडीवरच्या ताटाकडे बघितलं. वहीच्या कडेला दोन शब्द लिहिले, पेन्सिल कानावर ठेवली आणि उठला. आधीच तिथे एक पेन्सिल होती, ती खाली पडली. मी सांगणार होते, पण तोवर तो ड्रॉइंग बोर्ड मांडीवर घेऊन टेम्पोत पुढे बसलाही होता. खोलीची किल्ली तशीच खिशात. मी "किल्ली! अरे, किल्ली!" म्हणून ओरडले. त्यानं हात हलवला. टेम्पो वळला.

मग मी ताटाकडे बघितलं. पाव किलो वालातले जेमतेम दहा-बारा सोललेले होते. बाकी सगळे सालीसकट. एक दाणा माझ्या चिमटीत तसाच होता, आणि पाणी गार झालं होतं.

त्या दिवशी मला पिठल्यावर भागवावं लागलं.